मधलादेशाचं ब्रीदवाक्य

मधलादेशाची लोकसंख्या एकोणचाळीस होती आणि त्यातले अडतीस जण बिनडोक आहेत, असं स्मिता बालपांडेचं प्रामाणिक मत होतं. हे मत तिनं कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. तशी गरजही पडत नसे. ती सभेत बसायचीच अशी, की समोरच्यानं बोलता बोलता आपल्या शर्टाची बटणं नीट लागलीत ना, ते चाचपून पाहावं.

हा देश नकाशावर कुठंच नव्हता. अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी एमपीच्या सीमेवरच्या पांढुर्ण्याच्या एका शाळेत, अकरावीच्या वर्गात तो जन्मला. नागरिकशास्त्राच्या पराडकर सरांनी एक दिवस पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "राज्यघटना पाठ करू नका रे. एक देश काढा, मग घटना आपोआप कळेल." पोरांनी देश काढला. नाव ठेवलं मधलादेश. कारण नागपूरला मावशीकडे गेलं की ऐकायला मिळायचं, "तुम्ही एमपीवाले." आणि भोपाळला गेलं की, "आप लोग तो मराठी हो ना?" दोघांच्या मधे जे उरतं ते आपलं, एवढा साधा हिशेब. झेंड्यावर अर्धं संत्रं आणि अर्धं कापसाचं बोंड आलं. मंत्रिमंडळ झालं. एक सर्वोच्च न्यायालयही झालं, त्यात पेन्सिल चोरल्याचे खटले चालत.

मग ब्रीदवाक्याचा प्रश्न आला. स्मिता वर्गातली पहिली. तिनं वहीत अकरा वाक्यं लिहून आणली होती आणि प्रत्येकात कुठं ना कुठं 'तेज' होतं. तीन दिवस वाद चालला. चौथ्या दिवशी मागच्या बाकावरून उत्तम खोडे बोलला. हा मूळचा मोहगावचा, शिकायला मामाकडे सावरगावात राहायचा, रोज नदीवरचा पूल ओलांडून शाळेत यायचा, आणि दोन वर्षांत त्याचा आवाज कुणी धड ऐकला नव्हता. तो म्हणाला, "सर, 'आमी इथलेच' असं लिवा ना."

वर्ग हसला. मग हळूहळू हसायचा थांबला. सरांनी खडू उचलला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: आमी इथलेच. कुणीतरी म्हणालं, "सर, 'आम्ही' पाहिजे." सर म्हणाले, "नाही. तो जसा बोलला तसंच." मत टाकलं तेव्हा विरोधात एकच हात होता. स्मिताचा.

त्या वाक्याची किंमत तिला कळली ती पुढं, भोपाळला बीएडला गेल्यावर. हॉस्टेलमध्ये दिवसातून तीनदा कुणी ना कुणी विचारायचं, तू नेमकी कुठली? आणि दरवेळी ओठांवर तेच दोन शब्द यायचे. अकरा वाक्यांपैकी एकही कधी आलं नाही. आता ती सौंसरच्या एका शाळेत संस्कृत शिकवत होती, नवऱ्याची नोकरीही तिथंच होती, आणि मुलांना ती नेहमी सांगायची की चांगलं वाक्य तेच, ज्यातला एकही शब्द काढता येत नाही. उदाहरण मात्र कधी द्यायची नाही. उत्तमचं वाक्य वर्गात सांगायचं म्हणजे आपण तेव्हा हरलो हेही सांगावं लागलं असतं.

देश खरं तर बारावीच्या निकालाबरोबर संपायला हवा होता. पण व्हॉट्सअप आलं आणि मेलेला देश उठून बसला. गट झाला, वर्षातून एकदा डिसेंबरात पांढुर्ण्याला 'संसद' भरू लागली, आणि गौरव सांबारे सहा वर्षं बिनविरोध प्रधानमंत्री राहिला. शाळेत असताना हा गौरव पेन्सिल-चोरीच्या दोन खटल्यांत आरोपी होता. आता त्याची स्टेशन रोडला स्पर्धा परीक्षांची शिकवणी होती, चार फ्लेक्सवर त्याचे चार फोटो होते आणि चारही फोटोंत त्यानं एकच बोट वर केलेलं होतं. त्यानं व्हिजिटिंग कार्डावर खरोखर 'पी. एम., मधलादेश' असं छापून घेतलं होतं. सभापती होता वीरेंद्र घागरे. सौंसरला त्याचं कापडाचं दुकान, आणि पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून त्याच्या मनात एक कायमची ठसठस. सौंसरचं नाव जिल्ह्याला का नाही, या प्रश्नावर तो मधलादेशाच्या संसदेत दरवर्षी निषेध ठराव मांडायचा. भारत सरकारनं त्याची अजून दखल घेतली नव्हती.

यंदा गटावर विषयपत्रिका आली. त्यात एकच विषय होता: 'ब्रीदवाक्य परिवर्तन विधेयक'.

स्मितानं ती दोनदा वाचली. मग स्वयंपाकघरात जाऊन डाळीला फोडणी दिली, ती जाळली, आणि नवऱ्याला म्हणाली, "त्या भैताडाईले आता तेही बदलवाचं हाये."

"मंग तू जाऊ नको," नवरा म्हणाला.

"जातो तर. जाऊन सांगतोच त्याईले."

तिनं एका कागदावर चार मुद्दे काढले. चारही चांगले होते. रविवारी सकाळच्या बसनं ती पांढुर्ण्याला गेली तेव्हा कागद पर्समध्ये घडी करून ठेवलेला होता.

संसद गौरवच्या शिकवणीच्या हॉलमध्ये होती. भिंतीवर गणिताची सूत्रं, समोर झेंडा, झेंड्याच्या खाली पराडकर सर. सरांना आता बहात्तरावं होतं, एका कानानं ऐकू येत नव्हतं, आणि गौरवनं त्यांना तीन वर्षांपूर्वी 'राष्ट्रपिता' घोषित केलं होतं. सरांनी ते नाकारायला हवं होतं. पण निवृत्तीनंतर त्यांना कुणी कुठं बोलावत नसे, आणि शाल कुणाला नको असते? ते खुर्चीत शाल सावरून बसले होते, आणि जो बोलेल त्याच्याकडे पाहून मान हलवत होते.

सव्वीस जण जमले होते. उत्तम खोडे मागच्या रांगेत, दाराजवळ. त्याची मोहगावला संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका होती. दरवर्षीप्रमाणे तो एक कॅरेट संत्री घेऊन आला होता आणि दरवर्षीप्रमाणे लोक भाषणं चालू असताना ती सोलून खात होते. देशाला त्याच्याकडून एवढंच हवं असे.

गौरव उठला. कोट घातला होता, डिसेंबरातल्या दुपारीही त्याला घाम सुटला होता.

"माननीय राष्ट्रपिता, माननीय सभापती," त्यानं सुरुवात केली, "आपलं ब्रीदवाक्य भावनिक आहे, मान्य. पण 'आमी इथलेच' म्हणजे काय? इथंच राहायचं? इथंच सडायचं? माझ्या क्लासचा एकूण एक पोरगा बाहेर जाऊन राहिला. पुणे, इंदूर, हैदराबाद. त्याले मी 'इथलेच' कसं सांगू? हे वाक्य महत्त्वाकांक्षेला मारक आहे."

यात एक मुद्दा होता. स्मिताच्या तो लक्षात आला, आणि गौरवच्या तोंडून आल्यामुळं तिला तो आणखीच किळसवाणा वाटला. तिच्या स्वतःच्या वर्गातली निम्मी पोरंही जाणारच होती. पण जो जातो त्यालाच 'कुठला' हे सांगावं लागतं, राहतो त्याला कोण विचारतंय, हे त्या कोटवाल्याला कोण समजावणार? हा तिच्या कागदावरचा पहिलाच मुद्दा होता.

गौरवनं स्वतःची सूचना मांडली: 'राइज, शाइन, लीड.' तीन बोटं वर करून मांडली. टाळ्या पडल्या. मग सभापती वीरेंद्रनं सभापतीनं बोलायचं नसतं हा नियम बाजूला ठेवून सूचना केली: 'उठो, बढ़ो, छा जाओ.' दामिनी नावाची एक दातांची डॉक्टर होती, ती म्हणाली की काहीही ठेवा पण त्यात 'वैश्विक' शब्द यायला हवा. मागून कुणीतरी 'जय संत्रा' म्हणालं आणि त्यावरही गंभीरपणे तीन मिनिटं चर्चा झाली.

मग गौरवला सुचलं की मूळ लेखकाची हरकत नाही, हे इतिवृत्तात यायला हवं. "उत्तमभाऊ, दोन शब्द बोला."

उत्तम उभा राहिला. हाताला संत्र्याच्या सालीचं तेल लागलेलं होतं, ते त्यानं पँटला पुसलं. "मले बोलता नाई येत," तो म्हणाला. "बदलवाचं असन तर बदलवा. माह्यी काई जिद्द नाई. फक्त काहून बदलवाचं, थे एकदा समजावून सांगा. मले अजून समजलं नाई."

आणि तो बसला. अख्ख्या दुपारी बोललेलं ते एकच शहाणपणाचं वाक्य होतं. गौरव म्हणाला, "धन्यवाद, हरकत नाही अशी नोंद घ्यावी."

हीच वेळ होती. स्मितानं पर्स उघडली, कागद काढला. उभं राहायचं, उत्तमकडे पाहून चार मुद्दे सांगायचे, बस. मत तिच्या बाजूनं पडलं असतं की नाही कोण जाणे, पण कुणीतरी त्या माणसाच्या बाजूनं बोललं असं तरी झालं असतं.

पण तिची नजर समोर गेली. गौरव रुमालानं मान पुसत होता. वीरेंद्र कानात काडी घालत होता. सर कुणीही बोलत नसताना मान हलवत होते. या लोकांसमोर मुद्दे मांडायचे? गाढवापुढं वाचली गीता. तिच्या छातीत काहीतरी गरम, गोड वर आलं. ते तिच्या ओळखीचं होतं. वर्गात एखादा ढ पोरगा फळ्यापाशी अडखळला की येणारं, ज्याची तिला नंतर थोडी लाज वाटायची आणि तेव्हा अजिबात वाटायची नाही. तिनं कागदाची घडी परत घातली.

"सभापती महोदय," ती उठून म्हणाली, "इंग्रजी झालं, हिंदी झालं. पण ब्रीदवाक्य कसं, संस्कृतात शोभतं. माझी एक सूचना आहे." ती क्षणभर थांबली आणि घशातून एकदम खणखणीत आवाज काढून म्हणाली, "सर्वदा सर्वत्र सर्वमेव!"

स्मिता वाट पाहत होती. आता कुणीतरी फिस्स करेल. आता दामिनी तोंडावर हात धरेल. निदान एक तरी.

"अर्थ काय, मॅडम?" वीरेंद्रनं आदरानं विचारलं.

"नेहमी, सगळीकडे, सगळंच," स्मिता म्हणाली. तिनं काहीही लपवलं नाही.

"वाऽऽ!" वीरेंद्र म्हणाला. "क्या बात है. काहीच सुटलं नाही त्यातून."

"म्हणजे कालातीत," गौरव उठून उभा राहिला. "सर्वव्यापी! आणि ऐका, उच्चारून पाहा. सर्वदा, सर्वत्र... अंगावर काटा येऊन राहिला, बाप्पा. मी माझी सूचना मागं घेतो."

"वैश्विकही आलं त्यात," दामिनी म्हणाली.

लोक पुटपुटून पाहू लागले. संत्र्याच्या फोडी तोंडात असल्यामुळं कुणाचं 'सर्वत्र' नीट येत नव्हतं. पराडकर सरांनी शालीच्या टोकानं डोळे टिपले आणि म्हणाले, "स्मिता, आज शाळेचं नाव काढलंस."

"सर, मी..." स्मिता म्हणाली. पण वीरेंद्रनं टेबल वाजवलं होतं. हात वर झाले. सूचक म्हणून स्मिताचं मत आपोआप बाजूनं धरलं गेलं. एकमतानं संमत. कुणीतरी फ्लेक्सवाल्याला तिथूनच फोन लावला. कुणीतरी तिच्या हातात नारळ ठेवला, खांद्यावर शाल टाकली, आणि फोटो काढताना गौरव तिला म्हणाला, "मॅडम, थोडं हसा ना."

तिनं मागं पाहिलं. दाराजवळ उत्तमचा हात अजून वर होता. खाली घ्यायचा राहून गेला असावा.

बाहेर तो रिकामं कॅरेट गाडीत ठेवत होता, तिथं तिनं त्याला गाठलं.

"उत्तम, तूनंबी हात वर केला?"

"हाव."

"काहून पन?"

त्यानं कॅरेटला दोरी आवळली. "तू म्हनली ना. तू संस्कृतची बाई. मले त्यातलं काई समजलं नाई, पन म्हटलं, तू सांगून राहिली तर असन काईतरी." मग थोडं थांबून म्हणाला, "बाकीच्याईचं तं असंच होतं. तुह्यं ऐकून बरं वाटलं."

स्मिता स्टँडकडे वळली. बसची वेळ झाली होती. निदान स्वतःला तिनं तेच सांगितलं.

त्या आठवड्यात तिनं गटावर संदेश टाकला. 'सर्वांना नम्रपणे कळवते की रविवारची माझी सूचना उपहासाने केलेली होती. कृपया ती गंभीरपणे घेऊ नये.' पाठवल्यावर तिच्या लक्षात आलं की फोननं परस्पर 'उपहासाने'चं 'उपाहाराने' केलंय. तोवर उत्तरं सुरू झाली होती. 'उपाहार मस्तच होता मॅडम, खास करून कचोरी.' 'मॅडमची विनम्रता.' जोडलेले अकरा हात. तिनं दुरुस्त करून पुन्हा लिहिलं, तेव्हा गौरवचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही स्वतःला कमी समजता. हाच तुमचा प्रॉब्लेम आहे."

आजवर कुणीही तिच्याबद्दल इतकं चुकीचं बोललं नव्हतं. ती फोन ठेवून बराच वेळ हसली आणि मग हसू थांबल्यावर तिला कसंतरीच झालं.

पुढच्या रविवारी तिनं स्कूटी काढली आणि मोहगावला गेली. उत्तमला खरं सांगायचं, माफी मागायची, चहा प्यायचा आणि यायचं, असं तिनं मनात ठरवलं होतं. रोपवाटिकेच्या फाटकाशी तिनं गाडी लावली आणि पाटीकडे पाहिलं.

हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरात 'खोडे रोपवाटिका, मोहगाव' असं जुनं लिहिलेलं होतं. त्याखाली रंगाचा ताजा पट्टा होता. जुनं काहीतरी खोडून त्यावर नवीन लिहिलेलं. पट्ट्याखालून 'आमी'मधला 'मी' अजून अंधुक दिसत होता. आणि वर, पेंटरच्या शुद्धलेखनात, लाल अक्षरं: 'सरवदा सर्वत्र सर्वमेंव'.

स्मिता तिथंच उभी राहिली. मधलादेशाचा ठराव झाला आणि एकोणचाळीस नागरिकांपैकी एकानं तो अमलात आणला होता. देशाचा कायदा म्हणून. प्रधानमंत्र्यानंसुद्धा अजून व्हिजिटिंग कार्डावर ते छापून घेतलं नव्हतं.

आत उत्तम पोत्यावर बसून कलमं करत होता. जंबेरी लिंबाच्या रोपाच्या सालीत चाकूनं चीर द्यायची, त्यात संत्र्याच्या फांदीवरून काढलेला डोळा बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. त्याचे हात न थांबता चालले होते.

"ये ना. बस," तो म्हणाला. "पाटी पायली? पेंटरनं चुकवलं काय काई?"

"उत्तम, थे वाक्य खरं नाई हाये."

"म्हंजे?"

"म्हंजे मी थट्टा केली होती. त्याईची. काईबाई बोलून राहिले होते ना सगळे, तं मी म्हटलं, मीबी बोलतो काईबाई. मले वाटलं हासतील. कोनी हासलंच नाई."

उत्तमनं हातातला डोळा चिरेत बसवला. पट्टी गुंडाळली. गाठ मारली. मग चाकू खाली ठेवला.

"म्हंजे तू आमाले हासून राहिली होती."

"त्याईले. तुले नाई."

"मी काई वेगळा बसलो होतो काय? तिथंच तं होतो." त्याचा आवाज चढला नव्हता. "मी इचारलं होतं, काहून बदलवाचं थे समजावून सांगा. तुले मालूम होतं ना, नाई बदलवाचं म्हनून?"

"होतं. मी लिहून आनलं होतं."

"मंग?"

त्यांच्या तोंडाकडे पाहून बोलावंसं वाटलं नाही, हे खरं होतं. त्यांची फजिती करण्यात मजा आली, हेही खरं होतं. आणि त्या फजितीत उत्तम कुठं आहे, हे तिनं एकदाही वळून पाहिलं नव्हतं. शाळेतही नाही, परवाही नाही. अकरावीच्या वर्गात ज्या पोरीनं एकटीनं हात वर केला होता, ती बीएड करून, संस्कृत शिकून, पस्तिशीची होऊन पुन्हा तेच करून आली होती. फक्त या वेळी जिंकली होती.

"चूक झाली माह्यी," ती म्हणाली.

"थे मले एकट्याले सांगून काय फायदा?" उत्तमनं पुढचं रोप ओढलं. "मी एकट्यानं हात वर नव्हता केला. तिथं जाऊन सांग, सगळ्याईसमोर."

चहाचं त्यानं विचारलं नाही.

सव्वीस जानेवारीला गौरवनं झेंडावंदनानंतर छोटी सभा ठेवली होती, नव्या ब्रीदवाक्याचे मग वाटायला. पांढरे चिनी मातीचे मग, त्यावर सोनेरी अक्षरं, आणि मागच्या बाजूला गौरवच्या शिकवणीचा नंबर. स्मितानं बोलायची परवानगी मागितली. सगळ्यांना वाटलं, ती आभार मानणार.

"मी डिसेंबरात जे बोलले ते तुमची चेष्टा करायला बोलले," ती म्हणाली. या वेळी तिनं प्रमाण भाषा मुद्दाम ठेवली, कुठलाही शब्द निसटू नये म्हणून. "त्या वाक्याला अर्थ नाही. संस्कृत आहे म्हणून तुम्ही टाळ्या वाजवल्या. मला वाटलं होतं तुम्ही ओळखाल. तुम्ही ओळखलं नाहीत, आणि मी गप्प बसले. जुनं वाक्य परत आणावं, असा मी ठराव मांडते."

"म्हणजे," गौरवचा चेहरा तांबडा होत चालला होता, "मॅडम आपल्याला मूर्ख समजत होत्या?"

"हो," स्मिता म्हणाली.

"आणि आता?"

तिनं थोडा विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं. "तुमच्याबद्दलचं माझं मत तेच आहे, गौरव. माझ्याबद्दलचं बदललं."

मग जो गोंधळ झाला त्यात कोण काय बोललं ते नीट कुणालाच सांगता येणार नाही. वीरेंद्र म्हणाला की सौंसरच्या लोकांना पांढुर्ण्यात येऊन हे ऐकावं लागतं, हेच तर तो इतकी वर्षं सांगतोय. ती स्वतः सौंसरहूनच आलेली आहे, याची आठवण त्याला कुणी दिली नाही. दामिनी म्हणाली, हे मग तर छापून झालेत, आता काय करायचं? ठरावाला अनुमोदन कोण देतं, असं तीनदा विचारलं गेलं. उत्तम आलाच नव्हता. स्मितानं पराडकर सरांकडे पाहिलं.

सरांनी ऐकू येणारा कान तिच्याकडे केलेला होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"सर, तुम्ही तरी," ती म्हणाली.

"मला तेव्हाच कळलं होतं गं," सर हळूच म्हणाले. "सर्वदा, सर्वत्र, सर्वमेव. एवढं संस्कृत मलाही येतं."

"मग तुम्ही डोळे का पुसले?"

"सगळे किती खूश झाले होते." त्यांनी शाल सारखी केली. मांडीवर त्यांना मिळालेला मग होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. "मला म्हातारपणी कुठं वाईटपणा घ्यायला लावतेस?"

त्यांनी हात वर केला नाही. ज्या माणसानं एकदा एका मुक्या पोराचे दोन शब्द होते तसे फळ्यावर लिहिले होते, त्याच्याकडे स्मिता पाहत राहिली. इतरांसाठी तिच्याजवळ जो तिरस्कार सदैव तयार असे, तो इथं पुरा पडेना. आणि दुसरं काही तिच्याजवळ नव्हतं.

ठराव अनुमोदनाअभावी पडला. त्यानंतर गौरवनं लगेच दुसरा मांडला: राष्ट्राचा अवमान केल्याबद्दल स्मिता बालपांडे यांचं नागरिकत्व सहा महिन्यांसाठी स्थगित. त्याला अनुमोदन द्यायला सात जण उठले. परतीच्या बसमध्ये लोधीखेड्याचे दोन म्हातारे तिच्या शेजारी कापसाच्या भावावरून भांडत होते, तेवढ्यात फोन वाजला आणि तिला गटातून काढल्याचं दिसलं.

तिनं उत्तमला फोन लावला.

"सांगतलं," ती म्हणाली.

"हाव, टाकलं होतं कोनीतरी गटावर. पडला ना?"

"पडला. कोनीच उठलं नाई."

पलीकडे पाण्याच्या मोटरचा आवाज येत होता. "मी तिथं याले पायजे होतं काय?" त्यानं विचारलं.

"मालूम नाई," ती म्हणाली. "तू आला असता तर एक हात झाला असता."

"हं," तो म्हणाला. "बरं, ठेवतो. पानी सुरू हाये."

मार्चमध्ये शाळेच्या कामानं तिला मोहगावला जावं लागलं. रोपवाटिकेवरून जाताना तिनं गाडीचा वेग कमी केला. पाटीचा खालचा अर्धा भाग हिरव्या रंगानं सपाट रंगवून टाकलेला होता. लाल अक्षरं नव्हती, जुनीही परत आली नव्हती. आत उत्तम दोन गिऱ्हाइकांना कलमं दाखवत होता. त्यानं तिला पाहिलं आणि हात वर केला. तिनंही केला. मागून ट्रॅक्टरनं हॉर्न दिला, म्हणून तिला पुढं निघावं लागलं.